सासुरवाडीच्या फर्मचा इतिहास

माझ्या सासऱ्यांचा रविवारी सकाळी येणारा फोन माझ्या बायकोसाठी असतो, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं आहे की मी तो उचललाच तर 'हॅलो'सुद्धा न म्हणता तिच्या हातात नेऊन देतो. त्या रविवारीही नेऊन दिला. तिने कानाला लावला, दोन-तीनदा 'काय?' म्हणाली आणि तो परत माझ्याकडे घेऊन आली.

"तुमच्यासाठी आहे," ती म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं होतं, आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नव्हती. मला या दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं.

फर्मला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त फर्मचा इतिहास लिहून काढायचं ठरलं होतं, आणि तो मी लिहावा यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं होतं. "लक्षात घ्या जावईबापू, एकमत," सासरे म्हणाले, आणि तो शब्द बऱ्याच वर्षांनी तोंडात आल्यासारखे जरा थांबले.

दोन्ही बाजू म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. वकिलीची ही फर्म माझ्या बायकोच्या आजोबांनी काढली. त्यांच्यामागून त्यांचे दोन मुलगे ती चालवू लागले. थोरले वकील म्हणजे माझे सासरे आणि धाकटे वकील म्हणजे माझे चुलत सासरे. वडील गेल्यापासून हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मात्र सकाळी दोघेही एकाच वेळी ऑफिसात येतात, शेजारशेजारच्या खोल्यांत बसतात आणि संध्याकाळी एकाच वेळी उठतात. दोन खोल्यांच्या मध्ये छातीइतक्या उंचीचं एक झुलतं दार आहे. बाहेरच्या खोलीत टायपिस्टबाई बसतात. "थोरल्या साहेबांना सांगा, पंखा कमी करा, माझे कागद उडतायत," असं धाकटे म्हणतात. ते वाक्य झुलत्या दारावरून थोरल्यांना स्पष्ट ऐकू येतं. पण बाई उठून, वळसा घालून, ते त्यांना सांगेपर्यंत त्यांनी ते ऐकलेलं नसतं. या येण्याजाण्यावर बाईंची प्रकृती इतकी ठणठणीत राहिली आहे की निवृत्तीचं वय उलटलं तरी त्यांनी तो विषय काढलेला नाही.

आता माझ्याबद्दल. मी शाळेत भूगोल शिकवतो. वकिलांच्या त्या घरात माझी ओळख करून देताना सगळेच थोडे अडखळतात. "हे आमचे जावई. हे... शाळेत असतात," असं सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याला मी अजून पास झालेलो नाही असं वाटावं. पण लेखनाच्या बाबतीत मी अगदीच कोरा नव्हतो. पाठ्यपुस्तकातलं 'नदीचे कार्य' हे प्रकरण माझं आहे. त्यावर माझं नाव नाही, नुसतं 'समिती' असं लिहिलंय. पण त्या समितीत मी होतो, आणि नागमोडी वळणांचा परिच्छेद पूर्णपणे माझा आहे. सासऱ्यांचा फोन ठेवला तेव्हा माझी पक्की समजूत झाली की कुणीतरी, कधीतरी, तो परिच्छेद वाचला असणार.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र छापलं आहे. ते इतक्या लोकांना भेट दिलं आहे की सगळी इमारत त्यांना आत्मचरित्र याच नावाने ओळखते. आमच्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत. एकीवर कूलर ठेवल्यापासून तो हलायचा थांबला आहे. आत्मचरित्रांना माझं काम कसं कळलं मला माहीत नाही, पण संध्याकाळी ते दारात होते.

"आधी मुखपृष्ठ," खुर्चीत बसत ते म्हणाले. "मजकूर नंतर भरता येतो. वंशावळ टाका, तिला दोन पानं आरामात जातात. आणि जितकी नावं घालता येतील तितकी घाला. माणूस आधी आपलं नाव शोधतो. प्रत्येक नावामागे एक प्रत हमखास उचलली जाते."

"तुमच्या पुस्तकात किती नावं होती?"

"माझंच होतं," ते म्हणाले. "तिथेच चुकलं."

मी मुलाखतींपासून सुरुवात केली. पहिली थोरल्यांची. मी नवीन पेन घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "फर्म कधी सुरू झाली?"

"प्रश्न संदिग्ध आहे," थोरले म्हणाले. "सुरू म्हणजे काय?"

मी प्रश्न बदलला. "तुमचं बालपण कसं गेलं?"

"हरकत आहे," ते म्हणाले. मग स्वतःच थोडे ओशाळले. "सवयीने गेलं तोंडातून. विचारा."

पण तोवर मी काय विचारणार होतो ते विसरलो होतो. या घरात साधं विधान पचत नाही, हे मला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. आज उकडतंय असं मी म्हणालो तर बायको विचारायची, कालच्या मानाने की एरवीच्या मानाने? ती वकिली शिकलेली नाही. ते तिच्यात मुळातच आलेलं आहे.

शेवटी थोरल्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांना सुरुवातीला ऑफिससाठी जागा मिळेना. एका दातांच्या डॉक्टरांनी आपली पुढची खोली अर्धी दिली. तिथे बसलेल्यांपैकी कोण दाढ काढायला आलंय आणि कोण दावा लावायला, हे बघून कळत नसे, कारण तोंडं सारखीच असत. पहिलं अशील मिळालं तेही दाढेसाठी आलेलं होतं. आतून ओरडण्याचा आवाज ऐकून ते घाबरलं आणि उठून या बाजूला येऊन बसलं. बसलोच आहोत तर काहीतरी बोलावं म्हणून त्याने शेजाऱ्याच्या भिंतीची तक्रार सांगितली. त्या भिंतीचा दावा पुढे इतकी वर्षं चालला की दोन्ही भाऊ त्याच्यावर शिकले. दाढ कुणी काढली का, याची मात्र नोंद नाही.

हा भाग माझ्या हातून फार बरा उतरला. तो घेऊन मी धाकट्यांकडे गेलो.

धाकट्यांची पद्धत निराळी. ते बोलत नाहीत, सांगतात. टायपिस्टबाई समोर बसल्या आणि धाकट्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. "माझे वडील, स्वल्पविराम, ज्यांचा यापुढे उल्लेख संस्थापक असा केला जाईल, स्वल्पविराम..." दुपारपर्यंत माझ्या हातात प्रतिज्ञापत्र होतं. त्यांच्या मते फर्म दातांच्या डॉक्टरांकडे सुरूच झाली नव्हती. तिथे संस्थापक नुसते बसत असत. फर्म सुरू झाली ती दारावर पाटी लागली तेव्हा, आणि पाटी लागली धाकट्यांचा जन्म झाला त्या वर्षी. थोरल्यांचा जन्म त्याआधीचा. म्हणजे थोरले फर्मच्या आधीचे ठरत होते, आणि फर्मच्या आधीच्या माणसाचा फर्मशी संबंध तो काय, असा एकूण रोख होता.

"मग पंचाहत्तर वर्षं कधी होतात?" मी विचारलं.

"त्यांच्या हिशेबाने यंदा. माझ्या हिशेबाने अजून झालेली नाहीत. पण मी ती यंदा होऊ द्यायला तयार आहे," धाकटे उदारपणे म्हणाले, "माझे हक्क अबाधित ठेवून."

साल पक्कं करायचं तर भिंतीच्या दाव्याची तारीख हवी, आणि ती कोर्टाच्या रेकॉर्डखान्यात मिळेल, असं आत्मचरित्रांनी सांगितलं. सरकारी कामाचा त्यांना दांडगा अनुभव होता, म्हणून ते बरोबर आले. हे मी टाळायला हवं होतं.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. "तुम्ही दाव्यात कोण?"

"कोणी नाही. मी वकिलांचा जावई."

त्याने छापील अर्ज उलटसुलट करून पाहिला. वादी, प्रतिवादी, वारस, मुखत्यार, वकील अशा जागा होत्या. "जावयाला रकाना नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. उलट सहानुभूती होती, बहुधा तोही कुणाचा तरी जावई असावा. "फर्मकडून अधिकारपत्र आणा. दोन्ही भागीदारांच्या सह्या लागतील."

"एका कागदावर?"

"मग काय दोन कागदांवर?"

तेवढ्यात आत्मचरित्रांनी मला बाजूला सारलं आणि आपण कोण आहोत, कोणकोणत्या पुलांवर आपली सही आहे आणि अशा खिडक्या आपण कशा सरळ केल्या आहेत, हे कारकुनाला सांगायला सुरुवात केली. कारकुनाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवणाची सुट्टी झाल्याची पाटी लावली. सकाळची कोवळी उन्हं होती.

पुढच्या खेपेला मी एकटा गेलो. दोघा भावांनी वेगवेगळ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या. ते दोन कागद मी मध्ये टाचून एक केले होते. कारकुनाने टाचणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अर्ज आत घेतला. शेवटी मला जे मिळालं तो एक अधिकृत दाखला होता. त्यावर शिक्का मारून लिहिलं होतं की सदर दाव्याचे कागद शोधले असता आढळून येत नाहीत. सापडत नसल्याचा इतका सुरेख पुरावा मी आजवर पाहिला नव्हता. तो घेऊन मी धाकट्यांकडे गेलो आणि सहज विचारलं, "पुस्तकाच्या प्रती किती काढायच्या?"

"तीन," धाकटे म्हणाले.

मी मुखपृष्ठाचा विचार करत होतो. "तीनशे?"

"तीन. एक मला, एक तिकडे, एक न्यायाधीशांना."

"कोणत्या न्यायाधीशांना?"

धाकट्यांनी चष्मा काढला. मला काही सांगितलेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते सांगणं दुसऱ्या बाजूचं काम होतं असंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनीच सांगितलं. फर्मची वाटणी होणार होती. दोघांच्या ओळखीच्या एका निवृत्त न्यायाधीशांना पंच नेमलं होतं. नाव, पाटी आणि अशिलं कुणाकडे जाणार ते ठरणार होतं वडिलांनी फर्म कुणाच्या हाती दिली यावर. त्यासाठी फर्मचा इतिहास कुणा तिऱ्हाइताकडून लिहून घ्यावा, असं पंचांनी सुचवलं होतं.

"म्हणून मी?"

"म्हणून तुम्ही. जावई तिकडचे असलात, तरी वकील नाही. तुम्ही तटस्थ आहात."

"मला वाटलं, नदीचे कार्य..."

"कसलं कार्य?" धाकट्यांनी विचारलं.

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदी काय करते ते पाहायचं, आणि पूर आला की सगळ्यात आधी भिजायचं. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. वडील आणि काका वेगळे होणार हे तिलाही माहीत नव्हतं. ती बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली. तिने एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा तिला किती लागलं आहे ते मला कळलं. लहानपणी शाळा सुटली की ती त्याच ऑफिसात जाऊन बसायची. एका टेबलावर गणित आणि दुसऱ्या टेबलावर भाषा, असे वडील आणि काका दोघे मिळून तिचा अभ्यास घ्यायचे.

"लिहा तुम्ही," शेवटी ती म्हणाली. "पण जे झालं तेच लिहा."

जे झालं ते असं होतं. वडिलांचा ऑफिसातला शेवटचा दिवस. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं म्हणून ते काम सोडून घरी बसणार होते. दोघे मुलगे समोर उभे होते. वडिलांनी टेबलावर दोन्ही हात टेकले, मान वर केली आणि म्हणाले, "आता तू बघ." एवढंच. त्यानंतर ते उठले, गेले आणि परत त्या खोलीत आले नाहीत.

या वाक्यातला 'तू' आपण, असं थोरल्यांचं म्हणणं होतं. तो 'तू' आपण, असं धाकट्यांचं म्हणणं होतं. वडील तुम्ही म्हणाले असते तर सगळंच मिटलं असतं. पण ते मुलांना कधी तुम्ही म्हणाले नव्हते, आणि दोघांना मिळून 'बघा' म्हणायचं त्या दिवशी त्यांना सुचलं नाही. धाकट्यांचं पाहून थोरल्यांनीही आपलं प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं, आणि दोघांच्याही प्रतिज्ञापत्रांत एक वाक्य मात्र शब्दशः सारखं होतं: 'सदर शब्द ज्याला उद्देशून उच्चारले त्याच्याच स्वाधीन संस्थापकांनी फर्म केली, याबद्दल वाद नाही.'

मग वडिलांचं तोंड कोणीकडे होतं, हा प्रश्न आला. तोंडाची दिशा म्हटल्यावर मला जरा हुरूप आला, कारण दिशा हा माझा विषय आहे. मी खोलीचा नकाशा काढायचं ठरवलं. प्रमाण, सूची, उत्तर दिशेचा बाण, सगळं रीतसर. मोजमापाच्या दिवशी दोघे भाऊ त्या खोलीत, म्हणजे हल्ली थोरले बसतात तिथे, आले, आपापल्या जागी उभे राहिले आणि आपण तिथेच उभे होतो हे त्यांनी मला सांगितलं. टेबल तेव्हा भिंतीला लागून होतं यावर दोघांचं एकमत झालं, अर्थात माझ्यामार्फत. मी टेबल ढकललं. ते कपाटावर आदळलं. कपाट पुढे आलं, त्याचा कोपरा झुलत्या दाराच्या बिजागरीत बसला आणि दार गच्च अडकलं. बाहेरचं दार कपाटाच्या मागे गेलं होतं.

आम्ही तिघे आत, टायपिस्टबाई बाहेर.

"त्यांना सांगा, दार ओढू नका, ढकला," थोरले मला म्हणाले.

धाकटे माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी त्यांना सांगितलं.

"त्यांना सांगा, मी ढकलतोच आहे. त्यांनी कपाटावरचा हात काढावा."

मी वळून तेही सांगितलं. थोरल्यांनी हात काढला. कपाट आणखी पुढे आलं.

झुलत्या दारावरून उडी मारून पलीकडे जाता येईल, असं टायपिस्टबाईंनी पलीकडून सुचवलं. तिघांनीही आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं. शेवटी बाई सुतार शोधायला गेल्या. तो येईपर्यंत दोघे सख्खे भाऊ वडिलांच्या खोलीत उभे होते आणि मी मधे, दोघांची वाक्यं इकडून तिकडे पोचवत. मी एकदा नुसताच गप्प राहून पाहिलं. तेव्हा तेही गप्प राहिले, आणि ते मला जास्त जड गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी नकाशा पुढे केला आणि विचारलं, "त्या वेळी बाहेरचं दार बंद होतं की उघडं?"

"उघडं," दोघे एकदम म्हणाले.

"कुणी उघडलं?"

थोरल्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ताई आली होती. त्यांना घरी न्यायला."

"त्यांना सांगा, ते बरोबर आहे," धाकटे म्हणाले.

ताई म्हणजे या दोघांची मोठी बहीण, माझ्या बायकोची आत्या. तिला फर्ममधलं काही कळत नाही, असं मला दोघांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दोन माणसं जोडून द्यायची आणि ती काय बोलतात ते ऐकायचं नाही, हे तिने आयुष्यभर केलं. त्यामुळे तिच्याकडे जायचं मला सुचलंच नव्हतं.

आत्या खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होत्या. मी नकाशा त्यांच्यापुढे पसरला, दाराची खूण दाखवली आणि विचारलं, "वडील 'आता तू बघ' म्हणाले तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"होते की."

"कुणाकडे बघून म्हणाले?"

"माझ्याकडे," आत्या म्हणाल्या आणि कोड्यातला एक शब्द खोडला. "चष्मा सापडत नव्हता. किती वेळ टेबलावर चाचपत होते. हे दोघे आपले पुतळ्यासारखे उभे. मग मी दारात दिसले तर मला म्हणाले, आता तू बघ. म्हणून मी बघितला."

"सापडला?"

"एका फायलीखाली होता. कुणाची फाइल ते सांगणार नाही, नाहीतर त्यावरून भांडतील."

"हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? चष्मा सापडला म्हणून?" त्या माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघत राहिल्या. भांडण त्या वाक्यावरून आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, भांडण पंख्यावरून आहे.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. माझा विचार होता की हा भाग गाळावा. आत्मचरित्रांचाही सल्ला तोच होता. "वडीलधारी माणसं चष्मा शोधताना दाखवू नयेत. मी माझ्या वडिलांना सगळीकडे उभंच दाखवलंय." पण बायकोने दोन्ही प्रतिज्ञापत्रं मागून घेतली, चहा निवेपर्यंत वाचली आणि म्हणाली, "गाळायचं नाही. आणि न्यायाधीशांकडे आत्याला घेऊन मी येते."

न्यायाधीशांच्या घरची बैठकीची खोली मोठी होती. दोघे भाऊ दोन टोकांना बसले. न्यायाधीश वयाने थकलेले, पण बारीक नजरेचे. माझी प्रत त्यांनी खुणा करून वाचली होती. त्यांनी आत्यांना विचारलं आणि आत्यांनी चष्म्याची हकिकत सांगितली, मला सांगितली तशीच, एकही शब्द कमी-जास्त न करता.

मग थोरले उभे राहिले.

"ताई, तुला त्या वेळी नीट ऐकू येत होतं?"

"मी टेलिफोनमध्ये होते," आत्या म्हणाल्या.

धाकटे उभे राहिले. "खोलीत उजेड किती होता?"

"तुम्हा दोघांची तोंडं दिसण्याइतका."

मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. थोरल्यांचा जिथे संपे तिथून धाकटे उचलत. धाकट्यांना दम लागला की थोरले पुढे होत. इतक्या वर्षांत ही पहिलीच वेळ होती की दोघे एकाच बाजूने एक केस लढवत होते. आणि खरं सांगायचं तर ते बघायला फार छान वाटत होतं. आपण काय गमावून बसलोय हे अशिलांना माहीत नसेल, पण मला त्या दुपारी कळलं. आत्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी थोरले म्हणाले, "म्हणजे ते फक्त चष्म्याबद्दल बोलत होते, असं तुझं म्हणणं आहे."

"ते मला काय ठाऊक?" आत्या म्हणाल्या. "ते 'आता तू बघ' म्हणाले. मी चष्मा बघितला."

तेव्हा माझी बायको उठली. आपण वकील नाही, पण आत्याच्या वतीने दोन वाक्यं बोलू का, असं तिने विचारलं. न्यायाधीशांनी मान हलवली.

"बाबा, काका," ती म्हणाली, "तुम्ही दोघांनीही लिहून दिलंय की ज्याला उद्देशून ते बोलले त्याचीच फर्म, याबद्दल वाद नाही. ते आत्याला उद्देशून बोलले. म्हणजे एकतर फर्म आत्याची आहे. नाहीतर ते शब्द फर्मबद्दल नव्हतेच, आणि मग जाताना आजोबा फर्मबद्दल कुणालाच काही बोलले नाहीत. दोन्हींतलं एक काहीतरी माना."

तिला जिंकायचं होतं असं मला वाटत नाही.

थोरले खाली बसले. धाकटेही बसले. त्यांनी विचार करायला वेळ मागितला. दोघांनी एकदमच मागितला, म्हणून न्यायाधीशांनी त्यांना आतल्या खोलीत बसायला सांगितलं. त्या घरात टायपिस्टबाई नव्हत्या. मी उठू लागलो तर बायकोने माझी बाही धरली आणि मला खाली बसवलं.

आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग खोकला. मग एक आवाज, मग दुसरा, हळू. शब्द कळत नव्हते. न्यायाधीश माझी प्रत चाळत होते आणि ऐकत नसल्याचं दाखवत होते. आत्या तर सवयीनेच ऐकत नव्हत्या.

दोघे बाहेर आले तेव्हा थोरल्यांचे डोळे लाल होते. बोलले मात्र धाकटे.

"वडील फर्मबद्दलच बोलत होते," ते म्हणाले. "चष्मा हे निमित्त झालं. असं आमचं दोघांचं म्हणणं आहे."

"मग फर्म तुमच्या बहिणीकडे जाते," न्यायाधीश म्हणाले.

"हो," थोरले म्हणाले. "ती ताईचीच आहे."

मला तेव्हा उमगलं. त्यांनी पाटी सोडली, नाव सोडलं, पण वडील जाताना फर्मबद्दल शेवटी काहीतरी बोलून गेले, एवढं मात्र दोघांनाही सोडवलं नाही.

"मी येईन," आत्या म्हणाल्या, "पण सकाळचीच. दुपारी मला झोप लागते. आणि वाटणीबिटणी मला करता येत नाही, तेव्हा तो विषय पुन्हा काढू नका."

माझ्या इतिहासाबद्दल कुणी काहीच बोललं नाही. निघताना न्यायाधीशांनी प्रत परत दिली. "शैली प्रवाही आहे," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी सहज वापरला की त्यामागे नदीच्या प्रकरणाचा काही संबंध होता, हे विचारायचं राहून गेलं. पण हे मत मी शाळेत सगळ्यांना सांगितलं आहे, आणि आत्मचरित्रांनाही. ते म्हणाले की न्यायाधीशांचं असं एखादं वाक्य मागच्या कव्हरवर घ्यावं. मागचं कव्हर असतं तर मी घेतलंही असतं. पण वाटणीच नाही म्हटल्यावर तीन प्रतींचीही गरज उरली नव्हती.

तरीही शेवटची पानं पुरी करावीत म्हणून मी एका सकाळी ऑफिसात गेलो. आत्या वडिलांच्या खोलीत अशिलाचं ऐकत होत्या. दार बंद होतं. एकाच जुन्या अशिलावरून दोघा भावांचं काहीतरी बिनसलं होतं. बाहेरच्या बाकावर, जिथे अशिलं बसतात तिथे, ते दोघे आपापली फाइल मांडीवर घेऊन आत बोलावण्याची वाट बघत बसले होते. टायपिस्टबाई टाइप करत होत्या आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचे पाय टेबलाखाली अगदी स्वस्थ होते.

थोरले गुडघ्याबद्दल बोलत होते. जिने चढताना दुखत नाही, उतरताना दुखतो. धाकटे म्हणाले, डावा का? थोरले म्हणाले, हो. धाकटे म्हणाले, माझाही डावाच.

मी उभाच होतो. थोरल्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"सरक जरा," ते धाकट्यांना म्हणाले. "जावयांना बसू दे."

धाकटे सरकले.